कोरंटीची बेगमी

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं मार्च 2020 मध्ये गृहविलगीकरणाच्या सूचना काढल्या. त्या लिहिणाऱ्या साहेबांचं घर एकदा पाहून यायची माझी फार इच्छा आहे. त्या घरात एक हवेशीर खोली चक्क रिकामी आहे. शिवाय तिला लागूनच संडास-बाथरूम आहे. त्या घरात सेवा करायला एकच माणूस नेमलेलं असतं आणि बाकीचे मध्ये पडत नाहीत. म्हातारी माणसं, दिवस गेलेली बाई आणि लहान मुलं सांगितल्यावर लांब राहतात. मळलेले कपडे कुणी झटकत नाही. आणि त्या घरातल्या माणसाला लग्नाला किंवा मयतीच्या घरी भेटायला जाऊ नको म्हटलं, तर तो खरंच जात नाही.

तेलंगणातल्या आमच्या निर्मलमध्ये असं घर मी पाहिलेलं नाही. आमचं तर नाहीच नाही. पणजोबांनी ते बांधलं तेव्हा इकडे निजामाचं राज्य होतं, सागवान स्वस्त होतं आणि सुतार बहुधा मैत्रीतला होता, म्हणून त्यांनी हौसेनं खोलीगणिक तीन-तीन दारं ठेवली. ओसरीतून बैठक, बैठकीतून मधली खोली, मधल्या खोलीतून एकीकडे देवघर नि एकीकडे सैपाकघर, सैपाकघरातून परस, परसात न्हाणी आणि पार टोकाला संडास. थोडक्यात, आमच्याकडे खोल्या नाहीत, एक लांब रस्ता आहे आणि त्याच्या कडेला आम्ही राहतो. चव्वेचाळीस नंबरच्या हायवेला गावाबाहेरून वळसा आहे, आमच्या मधल्या खोलीला तोही नाही.

आणि अशा घरात दुबईहून पुतण्या येणार होता.

आमच्या या पट्ट्यात, म्हणजे निर्मल, निजामाबाद, जगित्याल, करीमनगर इकडे, गल्लीगणिक एखादं पोरगं आखातात असतंच. एरवी ते येणार म्हटलं की घरात सणाची तयारी चालते. या खेपेला सरकारनं 18 मार्चपासून अमिराती, कतार, ओमान आणि कुवेतहून येणाऱ्या सगळ्यांना 14 दिवसांचं क्वारंटाइन सक्तीचं केलं होतं. पुतण्या शमशाबादच्या विमानतळावर उतरला तो हातावर शिक्का घेऊनच. हात दाखवून अवलक्षण या म्हणीचा सरकारनं इतक्या शब्दशः अर्थ लावल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

"म्हणजे पोरगं कोरंटीला बसणार म्हना की," आजी म्हणाली. आजी म्हणजे माझी आई. पण नातवंडं झाल्यापासून तिला आई म्हणणारं घरात कुणी उरलेलं नाही, मीसुद्धा नाही. हैदराबादेतल्या नल्लाकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलला जुनी माणसं अजून कोरंटी दवाखानाच म्हणतात. कागदोपत्री त्याला सर रोनाल्ड रॉस यांचं नाव आहे. हे तेच रॉस, ज्यांनी 1897 साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला. आजीला रॉस माहीत नाहीत, कोरंटी मात्र पक्की माहीत आहे. त्यामुळे मंत्रालयाचं पत्रक मोबाइलवर मोठ्यानं वाचलं जात असताना बैठकीत एकटी तीच निवांत होती.

बाकीचे खोली शोधत होते. मधली खोली बाद, कारण मग सैपाकघरच क्वारंटाइन झालं असतं. देवघर म्हणताच काकूनं असं पाहिलं की सुचवणाऱ्यानं स्वतःच शब्द मागे घेतले. कोठीची खोली चांगली होती, एकच दार, वर झरोका. पण तिथे लोणच्याच्या बरण्या. आजारी माणूस आणि लोणचं एका खोलीत म्हणजे लोणच्याला विटाळ, असं आजीचं म्हणणं. बरण्या हलवू म्हटलं, तर मुरलेलं लोणचं हलवत नाहीत. पत्रकात वृद्धांना जपा असं बजावलेलं आहे. लोणच्याबद्दल अक्षर नाही, पण त्या खोलीतून हाकललं गेलं ते पोरगं, लोणचं नव्हे. माडीवर पत्रे आहेत आणि निर्मलचं ऊन मार्चअखेरीलाच माणसाला भाजून काढतं. सरतेशेवटी राहिली बैठक. तिचं एक दार ओसरीत उघडतं, बाजूच्या बोळीतून परसात जाता येतं, एक मोठी गजांची खिडकी ओसरीकडे आहे. दादानं मधलं दार लावून घेतलं, त्याला आतून कपाट सरकवलं आणि आपल्या घरात अखेर एक स्वतंत्र खोली निर्माण झाली म्हणून सगळे एकमेकांकडे कौतुकानं पाहू लागले. बैठकीत टीव्ही आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग ताट-वाटीचा प्रश्न. रोग्याची भांडी वेगळी ठेवायची, इथवर एकमत होतं. आमच्याकडच्या स्टीलच्या प्रत्येक ताटावर कुणाचं ना कुणाचं नाव, लग्नाची तारीख आणि गाव कोरलेलं आहे. ज्या ताटाला म्हणून हात लावावा, ते कुणाच्या तरी माहेरचं निघे. वहिनी म्हणे हे आमच्या भैंशाचं, राहू द्या. आमच्या हिचं किनवटचं फडताळात आणखी आत गेलं. शेवटी कुणाच्या बारशात आलेली, नाव पुसट झालेली एक थाळी पुतण्याच्या वाट्याला आली. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला. देशाला सकाळी सात ते रात्री नऊ पुरेसं वाटलं होतं, आपल्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी मात्र तेलंगणापुरता तो पुरा चोवीस तासांचा केला. त्या दिवशी पाच वाजता पुतण्यानं खिडकीत उभं राहून हीच थाळी वाजवली. तिला पोचा पडला. तरी वहिनी आणि आमची ही, दोघी समाधानी होत्या.

सामान भरण्याच्या बाबतीत घरातल्या पुरुषांनी फारच पुढाकार घेतला. दादानं कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून तक्ता केला: तांदूळ, तूरडाळ, साबण, मेणबत्त्या, काडेपेट्या. मेणबत्त्या कशाला, हे त्यालाही सांगता येईना, पण युद्धाच्या सिनेमात असतात. पिशव्या घेऊन आम्ही गांधी चौकाकडे निघालो तेव्हा काकूनं कोठीचं दार उघडून दाखवलं. आत ज्वारी होती, गहू होते, राखेत घोळलेली तूर होती, डब्यात कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, पत्र्याच्या पिंपात चिंच, मीठ घातलेल्या मिरच्या. आमच्या घरातल्या बायका दर उन्हाळ्यात जणू पेंढारी येणार आहेत अशा बेतानंच बेगमी करतात. साथ येवो न येवो, त्यांचा घर बंद करून बसायचा सराव वर्षाकाठी एकदा होतोच. दादानं तक्ता घडी घालून खिशात ठेवला आणि मग फक्त मेणबत्त्या आणल्या. पुढं सरकारनं पांढऱ्या रेशनकार्डावर माणशी बारा किलो तांदूळ आणि घरटी दीड हजार रुपये दिले, तेव्हा ते दीड हजार रुपये कुणाच्या खात्यात आले यावर गल्लीत जेवढी चर्चा झाली तेवढी विषाणूवर झाली नसेल.

आजीचा कोरंटीचा अनुभव दांडगा. देवी आपल्या देशातून 1975 साली गेल्या, पण आजीच्या स्वभावातून गेलेल्या नाहीत. घरात देवी किंवा गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा, उंबऱ्याच्या आत परकं पाऊल नाही आणि सैपाकाला फोडणी नाही. शेजारच्या तेलुगू अक्कांकडे त्याच दुखण्याला अम्मवारू म्हणतात, आणि नियम झाडून सगळे तेच. राज्य बदललं, भाषा बदलली, फोडणी मात्र दोन्हीकडे बंद. दुबईत चार वर्षं मेसचा रस्सा खाऊन, घरच्या खमंग मटणाची स्वप्नं पाहत आलेल्या पुतण्याला पहिल्याच दिवशी खिडकीतून वरण-भात सरकवला गेला. बिनफोडणीचा.

"आजी, हा करोना आहे. याला फोडणी चालते."

"चालते का नाही ते तिला ठरवू दे, तू नको ठरवू."

विषाणूचं स्त्रीलिंग आजीनं परस्पर ठरवून टाकलं. त्या चौदा दिवसांत पुतण्याला एक शिंक आली नाही, ताप आला नाही. त्याचं सगळं श्रेय न घातलेल्या फोडणीकडे गेलं.

त्याची बॅग मात्र आजीच्या अधिकारात नव्हती. ती दादाच्या अधिकारात होती, आणि दादानं वस्तूंवर विषाणू किती वेळ टिकतो याचे तीन वेगवेगळे आकडे तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांवर वाचले होते. त्यानं त्यांची बेरीज केली आणि तेवढे दिवस बॅग गच्चीवर उन्हात ठेवायची असं ठरवलं. बॅगेत काय असतं हे घरातल्या पोरांना पाठ: टँग, खजूर, टायगर बाम, एक जाड ब्लँकेट आणि चॉकलेटं. पोरं सकाळ-संध्याकाळ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बॅगेकडे बघत. एका दुपारी बॅगेच्या चेनीतून तपकिरी ओघळ बाहेर आला. धाकटीनं खाली येऊन बातमी दिली, "दुबईची बॅग शू करायली." शेवटी उघडली तेव्हा चॉकलेटं ब्लँकेटमध्ये गेली होती. विषाणू मेला असेल-नसेल, पण ते ब्लँकेट अजून मुंग्यांना माहीत आहे.

दारावर स्टिकर लागला. या घरात विलगीकरण सुरू आहे, येऊ नये, असा मजकूर, तेलुगूत. ज्यांना तेलुगू वाचता येतं ते पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागले. पण आमचे निम्मे सोयरे धर्माबाद, भोकर, उमरी, किनवट या बाजूचे. त्यांना तेलुगू अक्षर म्हणजे जिलबी. आत्या पाडव्याला म्हणून धर्माबादहून आली, बासरपर्यंत रेल्वेनं, पुढं बसनं. तिनं तो स्टिकर पाहिला, जवळ आली, अगदी बोट लावून पाहिला आणि खिडकीतून पुतण्याला विचारलं, "का रे, काय लिव्हलंय?"

"आत येऊ नये असं लिहिलंय आत्या."

"कुणी?"

"कुणीच."

"बरं बाप्पा. पाणी दे आधी. लई ऊन आहे."

दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू, मग राज्याची हद्द बंद, मग रेल्वे बंद. चार दिवसांच्या बोलीनं आलेली आत्या जून लागल्यावर परत गेली. 25 मार्च, म्हणजे देशाच्या टाळेबंदीचा पहिला दिवस, तोच पाडवा आणि तोच उगादी. आमच्याकडे दोन्ही होतं: गुढी उभारायची, कडुलिंबाची चटणीही करायची आणि अक्कांकडची उगादी पच्चडी भिंतीवरून घ्यायची. गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही म्हणून धाकटीनं उन्हात सापडलेला एकुलता एक धड चॉकलेटचा तुकडा दोऱ्यात ओवला. तो दुपारपर्यंत गुढीवर होता, नंतर कुणाच्या तरी पोटात.

आत्या स्वच्छतेची भोक्ती. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू ती मिठाच्या पाण्यात बुडवी. कोथिंबीर बुडवली, दुधाच्या पिशव्या बुडवल्या, एकदा दहाच्या नोटा बुडवून दोरीवर वाळत घातल्या. ओसरीतल्या कोनाड्यात एका टोपलीत सीताफळ, आंबा, पेरू, केळी अशी फळं ठेवलेली असतात. ती निर्मलची, म्हणजे लाकडाची. पोनिकीचं हलकं लाकूड कोरायचं, वरून चिंचोक्याच्या खळीचा लेप देऊन गुळगुळीत करायचं आणि मग रंगवायचं, ही इथल्या नकाश कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची करामत. ती इतकी हुबेहूब असतात की पाहुणा दरसाल एकदा तरी आंबा दाबून बघतोच. आत्यानं ती टोपली उचलून थेट घंगाळात रिकामी केली. फळं खाली जाईनात. तिनं हातानं दाबली, ती वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर. मग तिनं सैपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "वहिनी, तुमच्या निर्मलची फळं झाडून सडकी आहेत गं! एकही बुडंना!" घरातलं माणूस धावत येईतो सीताफळाचा हिरवा रंग पाण्यात उतरू लागला होता. आता ते सीताफळ पांढरट दिसतं. पाहुणे त्यालाही दाबून बघतात.

28 मार्चला दूरदर्शननं 1987 ची 'रामायण' मालिका पुन्हा सुरू केली, सकाळी नऊला आणि रात्री नऊला, आणि तेव्हा बैठकीतल्या टीव्हीचा शोध लागला. पहिल्या रात्री आजी, आत्या, काकू आणि पोरं ओसरीत खिडकीला लागून उभी राहिली. पुतण्या आतून ओरडत होता, मीटरभर अंतर ठेवा. अंतर ठेवलं तर खांबामुळे भरत दिसत नव्हता. मग पुतण्याला सांगण्यात आलं की टेबल जरा फिरव. त्यानं फिरवलं. आणखी फिरव. होता होता टीव्हीचं तोंड पूर्ण ओसरीकडे झालं आणि पुतण्याच्या वाट्याला टीव्हीची पाठ आली. घरातल्या एकमेव स्वतंत्र, हवेशीर खोलीत तो एकटा बसून वायरी बघे आणि आम्ही बारा जण खिडकीत दाटीवाटीनं खांद्याला खांदा लावून विलगीकरण पाळत असू. आवाज वाढवायचा असला की आजी काठीनं गजावर टकटक करी. त्यानं एकदा कुरकुर केली, की मलाही बघू द्या.

"तू आजारी ना? पडून राहा."

"मला काहीच झालेलं नाही आजी."

"मग वनवास काय रामाला होऊन झाला होता?"

चौदा दिवस संपले त्या दिवशी पुतण्यानं आम्हाला विचारलं की आणखी आठवडाभर आत राहिलं तर चालेल का. चार वर्षं दुबईच्या एका खोलीत आठ जणांबरोबर राहिला नसता, तर हा प्रश्न आम्हालाही विचित्र वाटला असता. त्याला कुणी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं नाही. कपाट बाजूला सरलं, मधलं दार उघडलं आणि रस्ता सुरू झाला.

2021 ची गोष्ट निराळी. त्या वर्षी रोग महाराष्ट्रातून येतो, असं इकडे सगळ्यांच्या मनानं घेतलं होतं. चार पिढ्या निर्मलचं पाणी प्यायलेला मी, किराणा दुकानाच्या रांगेत फोनवर आत्याशी मराठीत बोललो की पुढचा माणूस दोन पावलं पुढं सरके आणि मागचा दोन पावलं मागं. "महाराष्ट्र नुंची वच्चिन्रा?" म्हणजे महाराष्ट्रातून आलात का? मी तेलुगूत सांगे की बाबा, इथलाच आहे. तो मान हलवी, पण पावलं परत घेत नसे. पहिले दोन दिवस मला वाईट वाटलं. मग 12 मेपासून टाळेबंदी लागली, दुकानं सकाळी सहा ते दहा एवढीच उघडी, आणि चार तासांत अख्खं गाव एकाच चौकात. तेव्हा आमच्या हिला या भाषेचं खरं मोल कळलं. रांगेत उभं राहिलं की ती फोन कानाला लावी, पलीकडे कुणी नसतानाही, आणि खणखणीत मराठीत विचारी, "काय म्हणता नांदेडकडं?" तांदळाची गोणी घेऊन ती पावणेसातला घरी असे.

मराठी पेपर नांदेडहून यायचा तो बंद झाला होता, त्यामुळे औषधोपचाराचं सगळं खातं व्हॉट्सॲपनं ताब्यात घेतलं होतं. घरात ऑक्सिमीटर आला. 94 च्या खाली गेलं की दवाखाना, एवढा नियम डॉक्टरांनी सांगितला. एवढ्यावर थांबेल तर ते आमचं घर कसलं! रोज सकाळी सगळ्यांची बोटं, सगळ्यांचे आकडे भिंतीवर. दहावीला काठावर सुटलेला धाकटा पुतण्या 99 वर होता आणि घरातला इंजिनिअर 96 वर, त्यामुळे घरातलं वातावरण प्रथमच समतोल झालं. आजीचं बोट कधी 88 दाखवी, कधी काहीच नाही. दादा घाबरून अँब्युलन्सचा नंबर शोधू लागला, तेव्हा काकूनं आजीच्या नखांवरची मेंदी दाखवली. बोट बदललं, आजी 97.

आणि मग मे महिन्यात रोग आला. या वेळी तयारी जय्यत होती: बैठक मोकळी, कपाट मधल्या दाराला, टीव्ही ओसरीत, पोचा पडलेली थाळी घासून ठेवलेली. एकच अडचण झाली. दोन दिवसांत सगळेच आजारी पडले. बारा माणसांना एका बैठकीत वेगळं कसं ठेवणार? राहिली ती फक्त आजी. साठीच्या वरच्यांना 1 मार्चपासून लस मिळू लागली होती, तिनं दोन्ही डोस घेतलेले, आणि तिला तेव्हाही साधी शिंक नव्हती. तेव्हा सगळ्या घरानं मिळून ठरवलं की धडधाकट माणसालाच वेगळं काढावं. आजी बैठकीत गेली. बाहेर बारा जण खोकत होते आणि आतून आजी फोडणी घालू नका म्हणून ओरडत होती.

त्या दिवसांत राज्यात घरोघर तापाचं सर्वेक्षण चाललं होतं. आशाताई आली, दारातूनच प्रत्येकाच्या कपाळावर तापमापी रोखली, वहीत लिहिलं आणि ज्याला लक्षणं त्याला औषधांची पिशवी दिली. पॅरासिटॅमॉल, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, असं बरंच काही. बाराच्या बारा जणांना पिशव्या मिळाल्या. आजी खिडकीतून मोजत होती.

"अन् माझी?"

"अम्मा, तुम्हाला ताप नाही," आशाताई तिच्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली.

"ताप नाही म्हणून काय झालं? गुडघे आहेत, डोळ्याला पाणी येतंय, 1985 पासून पित्त आहे. लिही."

"ते या वहीत नाही अम्मा."

आशाताई पुढच्या घराकडे वळली. आजी काही बोलली नाही. ओसरीतल्या दाराची कडी काढून ती बाहेर आली, अंगणात भर उन्हात पाट टाकला, पदर डोक्यावरून खाली घेतला आणि कपाळ सूर्याकडे करून बसली. अक्कांचं घर आटोपून आशाताई परत याच रस्त्यानं जाणार होती.